हात आपटला की सोडायचं

'शिक्षक पाहिजे' असा कागद स्वतःच्या हाताने दारावर चिकटवून बाई मागे वळल्या, तेवढ्यात नवऱ्याने तोंड उघडलं, आणि तिथून सगळा भडका उडाला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," नवरा म्हणाला. "घरचा जावई सोन्याची पदकं घेऊन रिकामा बसलाय, आणि तू रस्त्यावरची माणसं गोळा करतेस."

"तो रिकामा बसलाय हे मला माहीत आहे. का बसलाय, हे तुम्हाला माहीत आहे का?"

"आधीच्या क्लबशी बिनसलं त्याचं. चांगल्या माणसावर लोक जळतातच." मग बूट काढता काढता, अगदी सहज सुरात, नवऱ्याने खरी गोष्ट सांगून टाकली. "मी काल फोनवर बोललोय त्याच्याशी. म्हटलं, लहान मुलांचा वर्ग तुमचाच समजा, जावईबापू."

बाईंच्या हातात चिकटपट्टीचं मोठं रीळ होतं. ते त्यांनी नवऱ्याला फेकून मारलं नाही, याचं श्रेय त्यांच्या उजव्या खांद्याला द्यायला हवं. त्या खांद्याचा हात हल्ली कानाच्या वर जातच नव्हता.

"कुणाला विचारून?" बाई ओरडल्या. खाली कारखान्यातली करवत थांबली. "हॉल माझा, पोरं माझी, आणि वाटप तुम्ही करणार? तोंडाला काही दार आहे की नाही तुमच्या?"

बाईंचा हॉल फर्निचरच्या कारखान्याच्या डोक्यावर होता. खाली सुतारांची करवत, वर पोरांची धपाधप. सुतार म्हणत, वरून धूळ पडते. बाई म्हणत, खालून भुसा येतो. आणि दोघांचंही खरं होतं. हॉलमध्ये जुन्या मॅट, त्यांच्या जोडांवर चिकटपट्ट्या, भिंतीशी पालकांसाठी एक बाक, आणि घाम, पाय व फिनेल यांचा एक कायमचा वास. ज्युदो शिकायला आलेलं मूल पहिल्या दिवशी नाक मुरडायचं आणि महिन्याभरात त्या वासाशिवाय त्याला करमायचं नाही. नवरा वीज कंपनीतून निवृत्त झाल्यापासून दाराशी बसून मुलांच्या चपला नीट लावायचा आणि पालकांच्या हो ला हो मिळवायचा. बाईंना पोरं समोर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'तोफ'. तोफेला हे ठाऊक होतं आणि त्याचं तिला मुळीच वाईट वाटत नव्हतं.

अर्धं आयुष्य दुसऱ्यांची पोरं अंगावर घेऊन आपटून घेतल्यावर खांदा तरी किती दिवस गप्प बसणार? डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि त्यानंतर बरेच महिने मॅटकडे फिरकायचंसुद्धा नाही अशी तंबी दिली. बाईंनी डॉक्टरांनाही चार शब्द सुनावले, पण खांद्यापुढे शहाणपण चालेना. मोठ्यांचा वर्ग जुने विद्यार्थी आळीपाळीने सांभाळणार होते. अडलं होतं ते लहानांपाशी. लहान म्हणजे दात पडलेली, कोटाच्या बाह्यांत हात हरवणारी, पट्टा बांधता न येणारी पोरं. ती कुणाच्या हातात द्यायची? बाईंना खांद्यापेक्षा हा प्रश्न जास्त ठणकत होता.

त्याला कारण होतं. बाई स्वतः ज्युदो शिकल्या त्या एका नावाजलेल्या गुरूकडे. तिथे भिंतभर पदकं होती आणि गुरूच्या नावाने लोक कानाची पाळी धरत. एकदा त्या गुरूने एका मुलाच्या कोपराला पकड घातली, मुलाने 'सोडा' म्हणून हात आपटला, पुन्हा आपटला, आणि गुरू म्हणाला, "थांब, तुला कणखर बनवतो." कोपर मोडल्याचा आवाज बाईंनी ऐकला होता. त्या दिवशी बाईंनी पट्टा सोडून गुरूसमोर ठेवला आणि बाहेर पडल्या. माहेरी सगळ्यांना वाटलं, पोरीचं खूळ गेलं. खूळ गेलं नव्हतं, पोरीने स्वतःचा हॉल काढला.

आणि त्या हॉलमध्ये नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात एकही डाव शिकवला जात नसे. पहिला आठवडा फक्त एकच गोष्ट. सहन होईनासं झालं की तळहात मॅटवर किंवा समोरच्याच्या अंगावर आपटायचा. रडायचं नाही, लाजायचं नाही, वाट बघायची नाही. आणि समोरच्याने त्या क्षणी सोडायचं. का आपटला, खरंच दुखलं का, हे विचारायचं नाही. हात आपटला की सोडायचं. एक वडील एकदा म्हणाले होते, "आम्ही पोराला जिंकायला पाठवतो, तुम्ही हरायला शिकवता." बाईंनी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं होतं, आणि तेव्हाचं बाईंचं बोलणं खालच्या सुतारांनी तोंडपाठ केलं होतं.

नोकरीची परीक्षाही हीच. पदकं दाखवू नका, प्रमाणपत्रं दाखवू नका. आधी तुम्ही माझ्या कोपराला पकड घाला, मी हात आपटते. मग मी तुमच्या कोपराला घालते, तुम्ही आपटा. बस्स.

सोपी वाटते ना? पहिलाच उमेदवार आला तो मोबाइल घेऊन. त्याने बाकावर बसलेल्या एका आजोबांना चित्रीकरण करायला बसवलं, बाईंना पकड घातली, वेळेवर सोडलीसुद्धा. पण सगळा वेळ तोंड मोबाइलकडे. "शिकवताना मुलं पाठीमागे ठेवणार का?" असं विचारून बाईंनी त्याला वाटेला लावलं. दुसरा फौजेतून परतलेला, अंगाने भिंतीसारखा. त्याने सुंदर सोडलं. पण बाईंनी पकड घातली तेव्हा गडी लालबुंद झाला, दात आवळले, आणि हात काही आपटेना. शेवटी बाईंनीच सोडलं.

"आम्हाला सोसायची सवय आहे, बाई," तो अभिमानाने म्हणाला.

"ती सवय तुमच्यापाशीच राहू द्या," बाई म्हणाल्या. "माझी पोरं ती शिकायला येत नाहीत. जो स्वतः आपटत नाही, तो दुसऱ्याने आपटलेला ऐकत नाही."

नवरा दाराशी चपला लावत हे सगळं ऐकत होता. "अशाने तुला देवही चालायचा नाही," तो पुटपुटला.

"देव आला तर त्याचीही घेईन परीक्षा. तुमच्या जावईबापूंनाही सांगा, पाहिजे असेल तर रांगेत या."

जावयाची परीक्षा! नवऱ्याने कपाळाला हात लावला. लेकीचा फोन आला, तिने रागाने ठेवला, पुन्हा आला. शेवटी आपल्या माणसाला घेऊन लेक स्वतःच हॉलवर आली. घरात तिला सगळे बेबी म्हणत. याच मॅटवर रांगायला शिकलेली, याच मॅटवर पुढे भल्याभल्यांना पाठीवर पाडणारी बेबी. लग्नानंतर तिचं खेळणं सुटलं. का सुटलं असं विचारलं की म्हणायची, "घर असतं ना, आई."

जावई आला आणि हॉल उजळला, हे कबूल करायला हवं. उंचापुरा, हसतमुख. बाकावरच्या पालकांनी उठून जागा दिली. मुलांनी कोटावर सह्या मागितल्या. त्याने एका बुटक्या पोरीला कंबरेवरचा डाव असा समजावला की तिने तिच्या दुप्पट पोराला तिथल्या तिथे पाडलं आणि सगळा हॉल टाळ्या पिटायला लागला. नवरा दाराशी उभा राहून असा फुलला होता की पदकं त्यानेच मिळवली असावीत. बाईंनाही वाटलं, खोटं कशाला बोला, की आपण उगाच आडमुठेपणा करतोय. माणूस शिकवतो झकास.

"या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "डावा हात घ्या. उजवा कामातून गेलाय."

त्याने पकड घातली. निर्दोष. पाठ्यपुस्तकात छापावी अशी. बाईंचं कोपर ताणलं गेलं, आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात आपटला.

त्याने सोडलं नाही.

फार वेळ नाही, एक श्वासभर. त्या श्वासात त्याने मान वर करून बाकाकडे बघितलं, हसला, आणि मग सोडलं. बघणाऱ्यांच्या लक्षातही आलं नाही. पण तो श्वास ज्याच्या कोपरात असतो त्याच्या लक्षात येतो.

बाईंनी दुसरी संधी कुणालाही दिलेली नव्हती. जावयाला दिली. लेकीचं तोंड बघून दिली. "पुन्हा एकदा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदा त्याने जास्त वेळ धरलं. बाईंना दोनदा आपटावं लागलं.

"आई, तुम्ही फार लवकर हात आपटता," तो उठता उठता हसत म्हणाला. "अजून बराच वाव होता."

"वाव किती आहे, हे ज्याचा हात असतो तो ठरवतो."

"तसं केलं तर पोरं मऊ राहतील. थोडं ताणलं की कळतं त्यांना, आपल्यात किती दम आहे ते."

हे वाक्य बाईंनी वेगळ्या शब्दांत पूर्वी ऐकलं होतं, आणि त्यानंतर काय ऐकलं होतं तेही त्यांना आठवलं. "कळवते," एवढंच म्हणून त्या मुलांना रांगेत उभं करायला गेल्या. तोफ गप्प बसली म्हणजे प्रकरण साधं नाही, हे मुलांना कळलं. नवऱ्याला कळलं नाही. तो जावयाला सोडायला खालपर्यंत गेला आणि वर येताना शीळ घालत आला.

घरी गेल्यावर जे भांडण झालं ते इथे सगळं सांगत नाही. नवरा म्हणाला, श्वासाएवढ्या वेळावरून तू जावयाला दारातून परत पाठवणार? लोक तोंडात शेण घालतील. बाई म्हणाल्या, लोकांनी आधी आपली पोरं त्याच्या हातात द्यावीत आणि मग बोलावं. नवरा म्हणाला, निदान बेबीचा विचार कर, तिचा संसार आहे. बाई म्हणाल्या, बेबीच्या संसाराचा आणि माझ्या वर्गाचा काय संबंध? असं म्हणून त्यांनी स्वतःच दार धाडकन लावून घेतलं. रागाच्या भरात माणूस बरोबर प्रश्न विचारतो आणि उत्तराला थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल रिकामा होता. बाई डाव्या हाताने मॅट पुसत होत्या. बेबी आली ती एकटी, आणि आली तीच तणतणत.

"काय समजतेस तू स्वतःला? सगळ्यांसमोर त्याला ताटकळत ठेवलंस. 'कळवते' म्हणे! घरचा माणूस आहे तो."

"घरचा आहे म्हणून दोनदा घेतली. बाहेरचा असता तर पहिल्याच वेळी जिना दाखवला असता."

"एवढंसं उशिरा सोडलं त्याने! एवढंसं!" बेबीने बोटांनी माप दाखवलं.

बाईंचा पुसणारा हात थांबला. "तुला दिसलं?"

बेबी मॅटच्या कडेला बसली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "घे ना गं त्याला, आई. तुझ्या पाया पडते. घरी बसून बसून त्याचं डोकं फिरतं. काम मिळालं की शांत होईल तो."

"शांत होईल म्हणजे?"

"म्हणजे... चिडचिड होते ना. रिकाम्या माणसाची होतेच." मग घाईघाईने, विषय ओढून नेत, ती म्हणाली, "बरं, हे ऐक. तुझं ऑपरेशन होऊ दे. तोवर लहानांचा वर्ग मी घेते. तुझं अडायचं नाही. मग तुझा राग गेला की त्याला घे. चालेल?"

बाईंना बरं वाटलं. इतकं साधं उत्तर घरातच होतं आणि आपण गावभर कागद चिकटवत बसलो, म्हणजे नवऱ्याची ती म्हण शेवटी खरीच ठरली म्हणायची, फक्त कळसा दुसराच होता. पण नियम म्हणजे नियम. "कोट घाल," त्या म्हणाल्या. "परीक्षा."

"माझी?" बेबी हसली. कितीतरी दिवसांनी तशी हसली. "मला ओळखत नाहीस का?"

"ओळखते. घाल."

खुंटीवरचा जुना कोट तिने चढवला. हात विसरले नव्हते. तिने बाईंच्या डाव्या कोपराला पकड घातली ती अशी अलगद की बाईंना ताण येण्याआधी पकडीची जाणीव झाली, आणि बाईंचा तळहात मॅटवर टेकायच्या आतच पकड सुटली होती. जवळजवळ घाबरून सुटली होती. बाईंच्या मनात आलं, वा, ही तर माझ्यापेक्षा चांगली शिक्षिका होईल.

"आता तुझी पाळी."

बेबी उताणी झाली. बाईंनी तिचा हात छातीशी धरला, गुडघे आवळले, आणि कंबर हळूच वर उचलली. हे कोपर त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. लहानपणी ही पोरगी हॉलमध्ये सगळ्यांत आधी हात आपटायची, आणि वर "आई, सोड!" म्हणून इतक्या जोरात बोंबलायची की खालचे सुतार हसायचे. हात किती वळला की ही आपटते, हे बाईंच्या अंगाला ठाऊक होतं. ती जागा आली.

आणि गेली.

बाईंनी आणखी केसभर ताणलं. बेबीचा मोकळा हात मॅटवर पडला होता, बोटं उघडी. ती वर पंख्याकडे बघत होती. चेहऱ्यावर वेदना नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघणाऱ्या माणसाचं असतं तसं तोंड. आणखी ताणलं असतं तर कोपर मोडलं असतं, आणि तिने ते मोडू दिलं असतं, हे बाईंना पायाच्या नखापर्यंत कळलं.

त्यांनी सोडलं.

"का नाही आपटलास?"

"लक्षातच नाही आलं," बेबी म्हणाली. उठून बसली. कोपर चोळायचंही तिला सुचलं नाही.

"बेबी. का नाही आपटलास?"

खालची करवत चालू झाली, बंद झाली.

"आपटून काय होतं, आई?" बेबी म्हणाली. "आपटलं की तो जास्त वेळ धरतो."

बाईंचा संताप साऱ्या गल्लीला माहीत होता, पण हा संताप त्यांचा त्यांनाही नवा होता. त्याला ओरडायला जागा सापडेना. जगभरच्या मास्तरांची कोपरं तपासली, भिंतीएवढ्या फौजीला परत पाठवलं, आणि ज्याच्या हातात पोटची पोर दिली त्याची पदकं मोजून समाधान मानलं. पदकं घरी ठेवून या, असं दुसऱ्यांना सांगत राहिलो. घरात जेवायला बसलेल्या जावयाला एकदाही मॅटवर ये म्हटलं नाही, कारण जावयाला असं म्हणायचं नसतं. आणि ही पोर वर्षानुवर्षं हात आपटायचं विसरत चालली होती, आणि आपण विचारत होतो, खेळायला का येत नाहीस? बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. नवऱ्याच्या मारावीशी वाटली. जावयाचं तर नावही मनात नको वाटलं.

खाली मोटरसायकलचा हॉर्न वाजला. दोनदा. बेबी ताडकन उठली, कोट काढायला लागली, एका हाताने पर्स शोधायला लागली. "न्यायला आलाय. मी सांगितलं नव्हतं त्याला इथे येते म्हणून... आई, माझी चप्पल कुठे गेली?"

"बस खाली."

"आई, तो चिडेल."

"बस म्हणाले ना."

बाई खिडकीशी गेल्या. खिडकीचं दार अर्धंच उघडायचं. त्यांनी डाव्या हाताने असा हिसडा दिला की ते पुरतं उघडलं. खाली जावई हेल्मेट काढून हसत वर बघत होता. नवरा त्याच्याशेजारी उभा राहून काहीतरी गोड बोलत होता.

"ती येणार नाही!" बाईंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. सुतार हातातलं काम टाकून बाहेर आले. "आज येणार नाही आणि उद्याही येणार नाही. आणि तू हा जिना चढायचा नाहीस. एक पायरीसुद्धा नाही!"

"अगं, वेड लागलं का तुला?" नवरा खालून म्हणाला. "जावई आहेत ते!"

"तुम्ही वर या. तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्हालाही पोर आहे ना एक?"

जावई काहीतरी बोलला. ते बाईंनी ऐकलं नाही. त्यांनी खिडकी लावली, दाराला आतून कडी घातली, आणि परत येऊन लेकीसमोर मॅटवर बसल्या. बेबी हाताची घडी अंगाशी घट्ट आवळून बसली होती. बाईंनी ती घडी सोडवली, तिचा हात हातात घेतला, आणि कोपर हळूच, अगदी जरासं, ताणलं.

"आपट," त्या म्हणाल्या.

बेबीने मान हलवली. नाही.

"काही दुखत नाहीये, मला माहीत आहे. तरी आपट."

किती तरी वेळाने बेबीने मोकळ्या हाताची बोटं उचलली आणि मॅटवर नुसती टेकवली. बाईंनी त्याच क्षणी सोडलं.

"पुन्हा."

या वेळी तळहात टेकला. बाईंनी सोडलं.

"पुन्हा. ऐकू आलं पाहिजे मला."

जिन्यावर नवऱ्याची पावलं वाजली, मग दारावर थाप पडली, मग त्याचा घाबरलेला आवाज आला, "अगं, काय झालंय काय?" बाईंनी तिकडे बघितलं नाही. बेबीचा चेहरा आता वेडावाकडा झाला होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ती हात आपटत होती, आधीपेक्षा जोरात, आणखी जोरात, आणि प्रत्येक वेळी तिची आई सोडत होती.